गोळीचं बूड जिथं टेकतं

वॅडकटर, म्हणजे कागदी टार्गेटसाठीच्या सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं स्वतः भरायला लागल्यापासून मला काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, म्हणजे पुंगळीच्या आत डोकावायची सवय लागली. बाहेरून .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या सगळ्या पुंगळ्या एकाच साच्यातल्या वाटतात. तीच २९.३ मिलिमीटर लांबी, तीच बुडाची कड, मधोमध प्रायमरचा, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या टोपीचा तोच खड्डा. फरक असतो तो आतल्या भिंतीत. पितळी पत्रा तोंडाशी पातळ असतो आणि खाली बुडाकडे जाताना हळूहळू जाड होत जातो. तो कुठून जाड व्हायला लागतो आणि किती झपाट्याने, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं. गोल टोकाच्या नेहमीच्या गोळीला याचं सोयरसुतक नसतं. तिचा बराचसा भाग पुंगळीच्या बाहेर असतो आणि बूड वरच्या पातळ भिंतीतच थांबतं. वॅडकटर मात्र अख्खी आत जाते. तिचं सपाट डोकं पुंगळीच्या तोंडाशी समपातळीत येतं, आणि खाली तिचं बूड जिथं टेकतं तिथलं पितळ कसं आहे, यावर त्या काडतुसाचं बरंच काही ठरतं.

मला लिहायचंय ते या एका जागेबद्दल. काडतुसं भरणाऱ्यांच्या गप्पांत पावडर कोणती आणि गोळी कुणाची यावर तासन्‌तास बोललं जातं. पुंगळीचा विषय निघाला की ‘कुठलीही चालते’ म्हणून लगेच संपतो. मला ते पटत नाही. पावडर जळून जाते, प्रायमर एकदाच वाजतो, गोळी मातीत जाते. पुंगळी तेवढी परत येते, आणि येताना आपले गुणदोष सोबत घेऊन येते.

वॅडकटर म्हणजे शिशाचा आखूड, सपाट तोंडाचा दंडगोल. तिचा जन्मच कागदी टार्गेटसाठी. गोल टोकाची गोळी कागदाला ढकलत, फाडत पलीकडे जाते. मागे राहिलेलं भोक गोळीच्या व्यासापेक्षा लहान दिसतं आणि त्याच्या कडा चिरलेल्या असतात. सपाट तोंडाची गोळी कागदाची चकती कापून नेते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि आतलं दहा २५ मिलिमीटरचं. भोक वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे भोकाची कड नेमकी कुठे संपते याला किंमत आहे. फाटक्या कडेवर वाद होतो, कापलेल्या कडेवर होत नाही. सेंटर-फायर पिस्तुलाच्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबरची मुभा असते. तिथं बरेच नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात, कारण तिचा धक्का आणखी कमी. माझं मन मात्र .३८ वर जडलेलं आहे, आणि त्याचं कारण हीच पुंगळी.

.३८ स्पेशल हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १८९८ मध्ये आणलं. तेव्हा बंदुकीची जुनी काळी दारू अजून वापरात होती, आणि ती मावेल एवढी पोकळी पुंगळीत ठेवलेली होती. नंतर धूरविरहित पावडर आली. तिची थोडीशी मात्रा पुरते, पण पुंगळी तेवढीच ऐसपैस राहिली. टार्गेटसाठीच्या सौम्य भरणीत वेगाने जळणारी पावडर लागते ती ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. वजनकाट्याच्या ताटलीत ती चिमूटभरसुद्धा वाटत नाही. गोळी सगळी आत ढकलली तरी खाली रिकामी जागा उरतेच, आणि त्या जागेत पावडर इकडून तिकडे सरकत राहते.

हे सरकणं लहानसहान नव्हे. पावडर प्रायमरजवळ साचली असेल तर ती एका तऱ्हेने पेटते, गोळीच्या बुडाशी साचली असेल तर दुसऱ्या. गोळीचा वेग त्याप्रमाणे बदलतो. स्पर्धेच्या जलद टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं. त्याआधी हात खाली, आडव्या रेषेपासून निदान ४५ अंश झुकलेला ठेवावा लागतो. नळीचं तोंड खाली, म्हणजे पावडर पुढे घसरलेली. प्रिसिजनच्या टप्प्यात जो नेमबाज हात वरून खाली आणून नेम स्थिर करतो, त्याची पावडर मागे बसलेली. तेच काडतूस, तीच बंदूक, आणि दोन टप्प्यांत दोन स्वभाव. म्हणून मी भरणी तपासताना दोन्ही तऱ्हांनी हात आणून झाडून बघतो. गोळीचं बूड घट्ट, सारख्या पकडीत बसलेलं असलं की सुरुवातीचा दाब तरी प्रत्येक वेळी सारखा तयार होतो. पुंगळीच्या भिंतीचं पहिलं काम ते.

दुसरं काम समजायला गोळी उलटी धरावी लागते. जुनी, नावाजलेली वॅडकटर १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या किंचित वर. मऊ शिसं दाबून बनवलेली, आणि बूड पोकळ. बुडाकडून पाहिलं तर आत खोल वाटी, भोवती पातळ झालर. गोळी सुटते तेव्हा वायूचा दाब त्या वाटीत शिरतो, झालर बाहेर फुगते आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, म्हणजे आट्यांना घट्ट चिकटते. क्लोद-एतिएन मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात रायफलच्या गोळीसाठी हीच कल्पना वापरली होती. दाब कमी असला तरी झालर फुगते, म्हणून इतक्या हलक्या भरणीतही या गोळीच्या कडेने वायू गळत नाही. शिवाय पोकळ बुडामुळे वजन पुढच्या बाजूला राहतं, आणि सेकंदाला २१० ते २३० मीटरच्या मंद वेगातही ती कागदापर्यंत सरळ जाते.

पण हीच झालर गोळीचा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि पुंगळीत ती सगळ्यात खाली जाते. तिथं पितळ जाड असेल तर काय होईल? पितळ शिशापेक्षा कितीतरी कठीण. झालर दबते. गोळी मापात, .३५८ इंच व्यासाची घेतली होती, आणि पुंगळीने तिचं बूड गुपचूप बारीक करून ठेवलं.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. गोळी बसवलेलं पण प्रायमर आणि पावडर न घातलेलं काडतूस घ्यायचं आणि हातोडीसारख्या पुलरने ठोकून गोळी बाहेर काढायची. पातळ भिंतीच्या पुंगळीतली गोळी जशी गेली तशी बाहेर येते, फार तर वंगणावर एखादा ओरखडा. जाड भिंतीच्या पुंगळीतून निघालेल्या गोळीच्या बुडाजवळ चकचकीत पट्टा उमटलेला असतो. शिसं जिथं घासलं आणि दबलं तिथं त्याचा करडा रंग जाऊन ते चांदीसारखं चमकतं. मायक्रोमीटर आधी डोक्याशी लावायचा, मग त्या पट्ट्याशी. झालरीला मायक्रोमीटर फार हलक्या हाताने लावावा लागतो, नाहीतर तोच तिला दाबतो. आकडा पट्ट्याशी खाली येतो. पाच शतांश मिलिमीटरचा फरकही मला पुरेसा वाटतो, कारण सगळ्या गोळ्या सारख्याच दबल्या असत्या तर निदान त्यांचा कल एक असता. मिसळीच्या पुंगळ्यांत प्रत्येक गोळी वेगवेगळी दबते. दबलेली झालर वायूच्या दाबाने पुन्हा फुगते हे खरं. पण ती चहूबाजूंनी सारखी फुगेल याची खात्री देता येत नाही.

कारखान्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून वॅडकटर भरण्यासाठी वेगळ्या पुंगळ्या बनवल्या गेल्या, ज्यांची भिंत नेहमीपेक्षा जास्त खोलीपर्यंत पातळ ठेवलेली असते. अमेरिकी मॅच काडतुसांच्या पुंगळ्यांवर पोटाशी गोल खोबणी दाबलेल्या दिसतात, कधी एक, कधी दोन. जुने लोक त्या खोबणींवरून वॅडकटरची पुंगळी ओळखतात. ओळखायला ती खूण बरी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. खोबण इतरही काडतुसांवर असते, आणि सगळे कारखाने एक नियम पाळत नाहीत. उलट जास्त दाबाच्या, म्हणजे प्लस-पी छापाच्या पुंगळ्या मी वॅडकटरसाठी पहिल्या झटक्यातच बाजूला ठेवतो. त्यातल्या काही आतून बऱ्याच दणकट निघतात.

खरी परीक्षा सोपी आहे. झाडलेली, अजून डायमधून, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून न काढलेली पुंगळी घ्यायची. ती चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसाच्या घरात फुगून आलेली असते, त्यामुळे तोंड गोळीपेक्षा सैल असतं. तिच्यात वॅडकटर बुडाकडून अलगद सोडायची. पातळ भिंतीच्या पुंगळीत गोळी आपल्या वजनाने सरकत पूर्ण खोलीपर्यंत जाते आणि डोकं तोंडाशी येतं. जाड भिंतीच्या पुंगळीत ती मध्येच अडते, डोकं दोन-तीन मिलिमीटर वर राहतं. बोटाने दाबायचा मोह टाळायचा. जिथं अडली तिथंच तिचं बूड दबणार होतं. तोंडाशी खरखर किंवा आत वळलेली कड राहिलेली असेल तर ती आधी साफ करायची, नाहीतर गोळी तिथंच अडते आणि आपण भिंतीला दोष देत बसतो.

इथं डायचाही हात असतो, आणि तो बरेचदा नजरेआड राहतो. पुंगळी मापात आणणारी डाय तिला वरपासून खालपर्यंत आवळते. नंतर तोंड रुंदावणारा खुंट आत जातो, पण नेहमीचा खुंट आखूड असतो. गोल गोळीपुरतं तो मोकळं करतो, वॅडकटरचं बूड जाणार तिथवर पोचतच नाही. मग पुंगळी चांगली असूनही खाली आवळलेली राहते. वॅडकटरसाठी लांब खुंट मिळतो, तो लावावा. भरल्यावर पुंगळीच्या अंगावर गोळीच्या बुडाच्या जागी फुगवटा आला आहे का हे बोट फिरवून कळतं. बारीक, सगळीकडून सारखा फुगवटा मी चालवून घेतो. एकाच बाजूला आलेला असेल तर गोळी तिरकी बसली आहे, आणि ते काडतूस स्पर्धेच्या डबीत जात नाही.

नाव-छाप वेगळे करणं हे काम मला आवडतं. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. विंचेस्टर, रेमिंग्टन, फेडरल, स्टारलाइन, लापुआ. ढीग ओतायचा आणि निवडायचा. एकाच छापाच्या पुंगळ्यांची लांबी साधारण जुळते, आणि लांबीचं महत्त्व रिव्हॉल्व्हरमध्ये निराळ्या कारणाने आहे. हे काडतूस चेंबरमध्ये कडेवर टेकतं, म्हणून लांबी थोडी कमी-जास्त झाली तरी ते नीट बसतं. पण शेवटच्या डायमध्ये तोंड आत वळवताना लांब पुंगळी जास्त वळते, आखूड कमी. पकड बदलली की पावडरचं पेटणंही बदलतं. या हलक्या दाबाच्या काडतुसात पुंगळ्या सहसा ताणल्या जात नाहीत, त्यामुळे एकदाच सगळ्या एका मापाला कापल्या की पुढे बराच काळ हात लावावा लागत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या की पिवळ्या? चेंबरमधून निकेलच्या पटकन निघतात, काळ्या पडत नाहीत, आणि गवतात पडल्या तरी दिसतात. पण तोंडाशी त्या लवकर चिरतात. टार्गेटसाठी मी पिवळ्या ठेवतो आणि वेगळ्या भरणीसाठी निकेलच्या. रंगावरून डबीतली भरणी ओळखता येते, हा त्यांचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता जो प्रश्न कुणीही विचारेल तो मीही स्वतःला विचारत आलो आहे. या सगळ्याने गुण वाढतात का? एका हाताने, उभं राहून, २५ मीटरवर नेम धरणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत पुंगळीचा फरक हाताच्या थरथरीत बुडून जातो. ते मान्य करायला हवं. फरक दिसतो तो बंदूक स्टँडवर आवळून, ५० यार्डांवर झाडल्यावर. त्या अंतरावर वॅडकटर आधीच डगमगायच्या बेताला आलेली असते, आणि बूड वाकडं असेल तर ती कागदावर आडवी-तिरपी उमटते. नळीच्या आट्यांचा पीळही त्यात बोलतो. कोल्टच्या नळीत १४ इंचांत एक फेरा, स्मिथ अँड वेसनच्या नळीत पावणेएकोणीस इंचांत. कोल्टचा घट्ट पीळ या गोळीला जास्त मानवतो असं जुने टार्गेट नेमबाज म्हणत आले आहेत, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

तरीही मी २५ मीटरसाठीसुद्धा पुंगळ्या निवडतो. चाप सुटला, गोळी आठात गेली. त्या क्षणी मला कळायला हवं की ती माझ्या मनगटाने नेली, पकडीने नेली की नजर पुढच्या साइटवरून सुटली होती. काडतुसावर संशय घ्यायला जागा असेल तर मन तिकडेच पळतं. माणूस स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना तपासायला तयार असतो. मिसळीच्या पुंगळ्यांनी झाडणाऱ्याला प्रत्येक वाईट शॉटला एक सबब आयती मिळते. निवडलेल्या पुंगळ्यांनी ती वाट बंद होते आणि मग सराव खऱ्या अर्थाने सुरू होतो. सातत्य हाताला शिकवायचं असेल तर हातात दिलेली वस्तू आधी सातत्याची हवी, असं मला मनापासून वाटतं. चांगल्या प्रशिक्षकाने शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एका छापाच्या शंभर पुंगळ्या द्याव्यात, बंदुकीची महागडी मूठ नंतर.

पितळाबद्दल थोडं. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते ताणलं, आवळलं, वाकवलं की प्रत्येक वेळी थोडं कडक होतं. पुंगळीचं तोंड दर खेपेला रुंदावतं, मग वळवलं जातं, मग झाडताना फुगतं, मग डाय पुन्हा आवळते. म्हणून हलक्या भरणीच्या पुंगळीचा अंत बहुतेक वेळा तोंडाशीच होतो, उभी बारीक चीर पडून. पितळाचा आणखी एक शत्रू अमोनिया. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. ती तबेल्यांत ठेवलेली असत, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळावर बसे, आणि घडवताना धातूत राहून गेलेला ताण तिथं मोकळा होई. या दुखण्याचा नीट उलगडा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. म्हणून भांडी चकचकीत करणारं अमोनियाचं द्रावण पुंगळ्यांना कधी लावू नये. मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या कवचाची भरड पुरे. ती गाळताना उडणाऱ्या धुळीत शिसं असतं, हे मात्र लक्षात ठेवायचं. उघड्यावर गाळावं, नंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवावेत, आणि त्या टेबलावर खाऊ नये.

चीर नजरेला दिसण्याआधी कानाला कळते. चार-पाच पुंगळ्या मुठीत घेऊन हलवल्या की किणकिणतात. त्यात एखादी चिरलेली असेल तर आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. मग एकेक वेगळी करून शोधायची. मला हे काम डोळ्यांपेक्षा कानांनी करायला आवडतं, आणि सहसा ते चुकत नाही.

काही गोष्टींत मी आवडीनिवडीला जागा देत नाही. पावडरची मात्रा पावडर बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकातूनच घ्यायची, कुणाच्या सांगण्यावरून नाही. एवढ्या मोठ्या पुंगळीत दुप्पट मात्रा आरामात मावते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून दिव्याखाली एकेकीत डोकावायचं, पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. पोकळ बुडाच्या गोळीला वेगाने पळवायचा मोह धरू नये. दाब वाढला की डोकं पुढे निघून जातं आणि झालर फाटून नळीत अडकून राहते. पुढची गोळी त्या कड्यावर आदळली की नळी फुगते. एखादा बार फुसका, नेहमीपेक्षा हलका वाटला तर थांबायचं, बंदूक रिकामी करून नळीतून उजेड पाहायचा. आणि जिथं कायदा अन् क्लब काडतुसं भरायला परवानगी देतात तिथंच हे सगळं करायचं.

पुंगळ्या निवडायची तयारी नसेल त्याने दोन्ही टोकांनी सपाट, भरीव वॅडकटर घ्यावी. ती जरा कठीण शिशाची, ओतीव असते. तिला झालर नसते, त्यामुळे जाड भिंतीचा तिच्यावर कमी परिणाम होतो, आणि कुठलंही टोक वर ठेवलं तरी चालतं. तिचा व्यास मात्र आपल्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडांशी जुळवून घ्यावा लागतो, कारण फुगून जागा भरून काढणं तिला जमत नाही. उलट ज्याच्याकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ५२ असेल, १९६१ साली आलेलं, त्याला निवडीपासून सुटका नाही. ते अर्धस्वयंचलित पिस्तूल फक्त समपातळीत बसवलेल्या .३८ वॅडकटरवरच चालतं. पुंगळी जरा फुगलेली किंवा गोळीचं डोकं जरा वर राहिलेलं असलं तर ते अडतं.

मी एका छापाच्या पुंगळ्यांचा गट एकत्रच ठेवतो. एकत्र भरतो, एकत्र झाडतो, आणि डबीच्या झाकणावर प्रत्येक खेपेला एक रेघ ओढतो. गटातल्या थोड्या पुंगळ्या चिरायला लागल्या की उरलेल्याही त्याच वाटेवर असतात, मग त्या स्पर्धेतून काढून सरावाला लावतो. चिरलेल्या पुंगळीचं तोंड तिथल्या तिथं पकडीने चपटं करतो, म्हणजे ती चुकूनही पुन्हा ढिगात मिसळत नाही, आणि भंगाराच्या डब्यात टाकतो.